मुलाणी मॅडम आणि विषाणूची भावकी

मुलाणी मॅडमनी आमच्या प्राचार्यांचा डोळा ओढला होता, ते आधी सांगते. म्हणजे बाई काय चीज होती याचा अंदाज येईल.

शिरूरच्या आमच्या कॉलेजात स्टाफ मीटिंग चालली होती. प्राचार्य आम्हाला हजेरीवरून झापत होते. आम्ही सगळे माना खाली घालून बसलेलो. एकदम बाई उठल्या, तरातरा टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सर, जरा वर बघा." प्राचार्य इतके बावचळले की खरंच छताकडे बघायला लागले. बाईंनी अंगठ्यानं त्यांची खालची पापणी ओढली, डोळ्याचा पांढरा भाग निरखला, दुसऱ्या डोळ्याचंही तेच केलं आणि जाहीर करून टाकलं, "पिवळं नाहीये. ट्यूबलाइटचा उजेड पडला होता. लिव्हर झकास आहे सर, चालू द्या तुमचं." आता काय डोंबल चालू देणार? मीटिंग तिथंच संपली.

त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी कॉमर्स. त्या राहायला केडगावात, मी भांडगावात. मी वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन चौफुल्यापर्यंत यायचे आणि तिथून पुढं पारगाव, न्हावरा करत शिरूरपर्यंत त्यांच्या जुन्या पांढऱ्या मारुतीतून. अशी कैक वर्षं काढली. नवरा लवकर गेलेला, मुलगी सांगलीला सासरी, घरात बाई एकट्या. त्यामुळं दिवसभराचं साठलेलं सगळं माझ्या कानात. पारगावच्या पुलावर एखादा बगळा दिसला की गाडीचा वेग निम्मा. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देऊन बोंबलतोय आणि बाई मला विचारताहेत, "शैला, ह्या बगळ्याच्या काळजात काय असेल गं?"

काळीज म्हणजे लिव्हर. गावाकडं आपण काळीज म्हणतो आणि बाईही तोच शब्द वापरायच्या. त्यांचे वडील गावचे मुलाणी, म्हणजे जत्रेला, कार्याला बकरं कापण्याचा मान त्यांच्या घराकडं. लहानपणापासून बाईंनी काळजं बघितली होती, त्यामुळं पुढं शिकल्या तेव्हाही डोक्यात काळीजच राहिलं. त्यातही एकच विषय: हिपॅटायटिस बी. माणसाच्या रक्तातून, आईकडून बाळाला पसरणारी, वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर पोखरणारी कावीळ. आणि तिच्यासारखे विषाणू जनावरांत कुठं कुठं सापडले, कसे सापडले, त्यांचं एकमेकांशी नातं काय. हे सांगायला लागल्या की त्यांना तहानभूक राहायची नाही. मला मात्र लागायची.

पण सांगायच्या झकास, हे कबूल केलंच पाहिजे. आधी सगळ्यांना वाटायचं, हा रोग माणसाचाच. मग दूरदेशीच्या एका प्राणिसंग्रहालयात घुशीच्या थोरल्या बहिणीसारखे दिसणारे प्राणी लिव्हरच्या कॅन्सरनं मरायला लागले. कुणाला तरी शंका आली, की ह्यांच्या रक्तात आपल्यासारखंच काही नसेल ना? बघितलं, तर होतं! मग कुणी बदकाचं रक्त बघितलं. तिथंही होतं. खारीत बघितलं, बगळ्यात बघितलं, पुढं वटवाघळात, बेडकात, घरच्या मांजरात. "बघितलं तिथं सापडलं गं," बाई स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायच्या. "कुणी बघितलंच नव्हतं, म्हणून नव्हतं!" यातून त्यांचं एक पेटंट वाक्य तयार झालं होतं. वर्गात पोरगं म्हणालं, "मॅडम, ह्यात ते नसतं," की बाई कडाडायच्या, "नाही म्हणू नकोस. बघितलं नाही म्हण."

एकदा सकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. डोळे लकाकत होते. आम्हाला वाटलं, मुलीकडं गोड बातमी. पेढा तोंडात टाकून विचारलं, "कशाचे?"

"माशात सापडला!"

"कोण सापडला? कुठल्या माशात?" इतिहासाच्या देशमुख सरांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"विषाणू! आपल्या हिपॅटायटिस बीचा नातेवाईक. बाहेरचं आवरण, वरचा सदरासुद्धा नाही अंगात त्याच्या, उघडाबंब! मग मूळ पुरुष किती जुना झाला सांगा? चाळीस कोटी वर्षांच्याही मागं गेला, चाळीस कोटी!" बाईंनी ना तो मासा बघितला होता, ना शोध लावणारी माणसं. कुठल्या तरी जर्नलमध्ये वाचून आल्या होत्या. पण घरात नातू झाल्यासारखा आनंद. देशमुख सर मला हळूच म्हणाले, "मॅडमना जरा विश्रांतीची गरज आहे." मी म्हटलं, "तुम्हाला पेढा मिळाला ना? मग गप बसा."

आता मुख्य गोष्ट सांगते. माझी आत्या राहूला दिलेली. आत्याची सून कोमल. तिचं खरं नाव वेगळं आहे. तीच म्हणाली, "लिवा बिनधास्त, फक्त नाव बदला." पोरगी हुशार. लग्न होऊन आली तेव्हा शेततळं नुसतंच भरलेलं होतं. तिनं त्यात बदकं सोडली. आपल्याकडं बदकाचं अंडं कोण खातंय? सगळ्या भावकीनं टिंगल केली. पण रांजणगावच्या कंपन्यांत बंगालची, ओरिसाची पोरं आहेत, दौंडला रेल्वेत चार मुलखांतली माणसं आहेत. कोमलची अंडी हातोहात जायला लागली. ती तळ्यावर गेली आणि "आव आव" म्हणाली की सगळा कळप पंख फडफडवत काठावर यायचा.

तिला सातवा महिना लागला आणि दौंडला तपासणीत रक्तात हिपॅटायटिस बी निघालं. पोरगी ठणठणीत. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, काही नाही. पण घरात हल्लकल्लोळ. आणि तशात कोमलच्या नवऱ्याच्या, संदीपच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला: 'सावधान! बदकांपासून कावीळ!' व्हिडिओत एक बाई हात हलवून सांगताहेत, "बदकात तर आपल्या हिपॅटायटिस बीचा चुलतभाऊच सापडला!" आणि तिथंच व्हिडिओ कट.

त्या बाई म्हणजे आमच्या मुलाणी मॅडम. विज्ञान दिनाचं त्यांचं भाषण कुणी तरी मोबाइलवर घेतलं, त्यातला तुकडा कुणी तरी तोडला, आणि तो गावोगावच्या ग्रुपवर फिरत फिरत राहूला पोचला.

आत्याचा मला फोन. "तुझ्या त्या मॅडमच सांगत्यात न्हवं का? उद्या टेम्पो येतोय. बदकं इकायची, आन् त्याच टेम्पोत कोमलला म्हायेरी पाठवायची. पयलं बाळातपण तसंबी म्हायेरीच असतंय. तिकडं वस्तीवर सुईण हाय, काविळीची माळ घालणारा बी हाय. बरी झाली की बघू पुढं."

बरी झाली की बघू! म्हणजे काय ते मला कळलं, कोमललाही कळलं असणार. रविवार होता. मी बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. पण त्या चिडल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "शैला, जन्मल्याबरोबर त्या बाळाला टोचलं नाही, तर तो विषाणू त्याच्यात जाऊन बसेल. जन्मभरासाठी. वस्तीवर कोण टोचणार आहे?" आणि लगेच, "अर्धं वाक्य माझं आहे. उरलेलं अर्धं जाऊन सांगितलं पाहिजे. चौफुल्यावर उभी राहा, मी गाडी काढते."

त्या दिवशी वाटेत एकाही बगळ्यासाठी गाडी थांबली नाही.

आम्ही अंगणात शिरलो तेव्हा भावकीतली दहाबारा माणसं जमलेली. आत्याचे यजमान बाजेवर. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही. कोमल गोठ्याशेजारच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली होती. तिचं अंथरूण तिथंच टाकलेलं, ताट-तांब्या वेगळा काढलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझा हात दाबला.

संदीपनं मोबाइल पुढं केला. "ह्या तुमीच ना?"

बाईंनी स्वतःला नीट बघून घेतलं. "मीच. साडी बरी दिसतीय. पण बाबा, ह्याच्या पुढं मी म्हणाले होते, तो बदकाचा विषाणू माणसाला होत नाही. ते कुठं गेलं? माझी मुंडी कुणी उडवली?"

"असं कसं?" आबा म्हणाले. "चुलतभाऊ म्हंता, आन् हुत न्हाई म्हंता?"

बाई त्यांच्या समोर जमिनीवरच बसल्या. "आबा, तुमची भावकी केवढी?"

"लई. अर्धं गाव आमचंच."

"मूळ पुरुष एक?"

"एकच की."

"आणि चूल?"

"छ्या! चुली पणज्याच्या काळातच येगळ्या झाल्या."

"हां. मग ह्या विषाणूचंही तेच आहे. ह्याचा मूळ पुरुष फार जुना. जमिनीवर चार पायांचं जनावर चालायला लागलं नव्हतं, पाण्यात मासे होते, तवाचा. त्याची एक पाती माशांत राहिली, एक पाखरांत गेली, एक वटवाघळांत, एक आपल्यात. आडनाव एक, चुली कवाच्या वेगळ्या. बदकाच्या विषाणूकडं बदकाच्या काळजाची किल्ली आहे. ती आपल्या काळजाला लागत नाही."

माणसं माना डोलवायला लागली. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"समदं पटलं, मॅडम. पर भावकीच तर बांध कोरती की वो!"

अंगणात हशा पिकला. मी म्हटलं, झालं, बसली आपली बाई. पण बाईंचा चेहरा असा काही खुलला, जसा माशाच्या पेढ्यांच्या दिवशी खुलला होता. "वा आबा! माझ्या वर्गात एका पोरानं हा प्रश्न विचारला नाही आजवर! खरं बोललात. ह्या भावकीतही कुणी कुणी बांध ओलांडल्याच्या खुणा आहेत, मी खोटं सांगणार नाही. पण बदकाच्या विषाणूनं माणसाचा बांध कोरल्याचं कुणालाही दिसलेलं नाही. आणि न बघता बोलत नाही कुणी. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्या बदकांच्या रक्तात हात घालून बसलेत. माणसाच्या ह्या रोगावरची औषधं तपासायला त्यांनी हीच बदकं वापरली. तुम्ही ज्यांना टेम्पोत घालताय, त्यांचे उलट उपकार आहेत आपल्यावर."

"मग हिला कुठनं आलं?" आत्या.

"रक्त तपासल्याशिवाय सांगणार नाही. सगळ्यांचं तपासू. तुमचंसुद्धा. हा रक्तातून येतो, वापरलेल्या सुईतून येतो, नवरा-बायकोत जातो, आईकडून बाळाला जातो. ताटातून येत नाही. हातातून येत नाही. अंड्यातून तर नाहीच नाही."

पटलं होतं आणि नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांची भीती एका भाषणानं थोडीच जाते? आबा बाईंकडं डोळे बारीक करून बघत होते.

"मुलाणी म्हंजी? नदीपल्याडच्या हुसेनभाईची का तू?"

"हो. थोरली."

"अगं मग तसं सांग की!" आबा बाजेवरून उठलेच. मग आम्हा सगळ्यांकडं वळून म्हणाले, "ह्यांचा बाप आमच्या जत्रंला यायचा. बकरं पडलं की काळीज हातात घ्यायचा, उजेडाला धरायचा, गाठ बघायचा, ठिपका बघायचा. आन् त्यो 'खावा' म्हनला, की मगच चुलीवर पातेलं. एका साली 'नगं' म्हनला, तर पाटलाच्या घरचं बकरं पुरलं आमी. कुनी हूं का चूं केलं न्हाई." आणि बाईंसमोर येऊन उभे राहिले. "त्याची लेक हायेस तू. मला ते चाळीस कोटी न्हाई कळत. तू सांग, पोरी. खावं का नगं?"

बाईंचे डोळे भरून आले होते, मी बघितलं. मग त्या उठल्या आणि गोठ्याशेजारच्या खोलीपाशी गेल्या.

"जेवलीस का गं कोमल?"

कोमलनं मान हलवली. न्हाई.

"मलाही भूक लागलीय. काय केलंय?"

"अंडी हायेत उकडल्याली. बदकाची. भाकरी हाय."

"आण. तुझंच ताट आण. दुसरं नको."

कोमल आत्याकडं बघायला लागली. आत्या जमिनीकडं. शेवटी पोरगी उठली, तेच वेगळं काढलेलं ताट घेऊन आली. बाईंनी तिला अंगणाच्या मधोमध बसवलं, समोर स्वतः बसल्या. अंडं सोललं, अर्धं तिच्या तोंडात घातलं, अर्धं आपल्या. त्याच ताटातली भाकरी मोडली, त्याच तांब्यातलं पाणी प्यायल्या. भावकी श्वास रोखून बघतीय. तोंडातला घास नीट चावून गिळला आणि मग आबांकडं बघून खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"खावा!"

काय सांगू तुम्हाला! आबा खाली बसले आणि त्याच ताटात त्यांनी हात घातला. संदीपनं तोंड फिरवून डोळे पुसले. आणि आमची आत्या, सकाळपासून सुनेच्या दहा हात लांब असलेली, लगबगीनं आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "अवो मॅडम, नुसतं काय खाताय? कांदा-लिंबू तरी घ्या!" आणि कांदा त्याच ताटात ठेवला. स्वतःच्या हातानं. कोमल तेव्हा रडली. मीही रडले, लाज कशाची? टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी बडबडत रिकामाच परत गेला.

रक्त सगळ्यांचं तपासलं. घरातली सगळी निर्मळ निघाली. त्यांना लस टोचली. विषाणू निघाला कोमलच्या आईच्या रक्तात. तिला बिचारीला स्वप्नातही माहीत नव्हतं. आत्या लगेच उसळली, "बघा! म्हंजी म्हायेरनंच आणलं की!" बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही माहेरनं बीपी आणलंत, तेव्हा कुणी टेम्पो बोलावला होता का?" मायलेकींवर उपचार सुरू झाले. पहिल्या बाळंतपणाचा प्रश्न आबांनी सोडवला. "म्हायेरीच करायचं ना? मग म्हायेर इकडं आणू." कोमलची आई दोन महिने राहूला येऊन राहिली आणि बाळंतपण दौंडच्या दवाखान्यात ठरलं, लशीचं आणि तयार प्रतिकारशक्तीचं अशी दोन्ही इंजेक्शनं आधी आणून ठेवायच्या बोलीवर. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बाईंनी इतके फोन केले की ते शेवटी म्हणाले, "मॅडम, तुम्हीच या टोचायला."

बाळंतपणाच्या दिवशी आमची परीक्षेची ड्यूटी होती. दुपारी संदीपचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम! पोरगी झाली!"

"ते राहू दे. टोचलं का?"

"अवो, गोरीपान हाय, आबा तर—"

"संदीप! टोचलं का?"

"टोचलं. दोन्ही मांड्यांत. लस बी, आन् त्ये दुसरं बी."

"हां," बाई खुर्चीत मागं टेकल्या. "आता सांग बाळा, काय झालं?"

पुढचे डोस आत्यानं एकही चुकवला नाही. कॅलेंडरवर गोल करून ठेवले होते तिनं, चतुर्थीच्या शेजारी. पण टोचलं म्हणजे सुटलं असं नव्हतं. पोर वर्षाची झाल्यावर तिचं रक्त तपासायचं, तेव्हा खरं काय ते कळणार होतं. ते वर्ष बाईंचं कॉलेजातलं शेवटचं. गाडीत त्या एरवीसारखं बडबडायच्या आणि मधेच विचारायच्या, "किती महिन्यांची झाली गं ती?"

रिपोर्ट आला तेव्हा बाई तासावर होत्या. संदीपनं मला फोटो पाठवला. मी तो नीट वाचला, दोनदा वाचला आणि व्हरांड्यातून अक्षरशः पळत सुटले. ह्या वयात! वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले तर फळा भरून झाड काढलेलं. बुंध्याशी मासे, मग बेडूक, पाखरं, वटवाघळं, मांजर, आणि एका फांदीवर माणूस. बाई हातात खडू घेऊन माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना विचारवेना.

मी म्हटलं, "निगेटिव्ह! मॅडम, पोरीत काही नाही! वर लशीची ताकदही आलीय रक्तात!"

बाईंनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतः वाचला. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा वाचला. मग फळ्याकडं वळल्या. माणसाच्या फांदीला त्यांनी एक बारीक डहाळी काढली. तिच्यावर लिहिलं, आजी. पुढं लिहिलं, आई. त्याच्या पुढं रेघ थोडी ओढली आणि तिथं खडू इतका जोरात आडवा मारला की त्याचे दोन तुकडे झाले.

"बघा रे पोरांनो," बाईंचा आवाज सगळ्या मजल्यावर ऐकू गेला असेल. "माशांच्या काळापासून ही वंशावळ चाललीय. चाळीस कोटी वर्षं! आपल्या राहूच्या एका पोरीनं ती आपल्या घरात इथं अडवली. इथं! वाजवा टाळ्या!"

पोरांना ओ की ठो कळलं नव्हतं, पण टाळ्या अशा वाजवल्या की शेजारचे दोन वर्ग रिकामे होऊन दारात जमले. बाई मधोमध उभ्या, तोंड भरून हसताहेत, गालांवरून पाणी वाहतंय आणि पुसायचं भानसुद्धा नाही.

त्या आता सांगलीला लेकीकडं असतात. पण बाईंची आठवण आली की मला त्या तशाच दिसतात, हातात डस्टर घेऊन फळ्याला पाठ लावून उभ्या. तास संपल्याची घंटा झाली, गणिताचे सर आले आणि फळा पुसायला डस्टर मागितला, तर बाईंनी डस्टर सोडला नाही. म्हणाल्या, "आज नाही. आज हे कुणी पुसायचं नाही." गणिताच्या सरांनी त्या दिवशी तोंडीच शिकवलं.